डावरीचा ओटा

धुलाईखान्यातून निवृत्त झाल्यावर डावरीने पहिलं काम केलं ते म्हणजे सुताराला घरी बोलावलं.

डावरी हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. शाळेत चिकटलं ते चिकटलंच, पुढे नवराही लाडात आला की याच नावाने हाक मारू लागला. शाळेतल्या बाईंनी तिचा डावा हात रिबिनीने बाकाला बांधून पाहिला होता. त्यातून निष्पन्न एवढंच झालं, की दोन्ही हातांनी सारखंच वाईट अक्षर काढणारी वर्गात ती एकटी. सासरी आली तर थोरल्या नणंदेने तिच्या डाव्या हातातला डाव काढून उजव्यात दिला आणि म्हणाली, माणसासारखं वाढ. पुढे रुग्णालयाच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करणाऱ्या यंत्रावर नोकरी लागली. यंत्राची कळ उजवीकडे. डावा हात तापलेल्या पत्र्यावरून पलीकडे नेऊन ती कळ दाबायची, आणि त्यात एकदा मनगट चांगलंच भाजलं. कळ दुसऱ्या बाजूला बसवून द्या, असं तिने मुकादमाला सांगितलं. तो म्हणाला, यंत्र बदलण्यापेक्षा बाई बदलणं सोपं. बाई काही बदलली नाही. मनगटावर लांबट डाग घेऊन ती त्याच यंत्रावर राहिली आणि निरोपाच्या दिवशी मुकादमाने दिलेला गुच्छ तिने डाव्या हाताने घेतला.

तर सुतार आला. उंचापुरा, बोलघेवडा, स्वतःच्या कामाबद्दल भलताच अभिमान असलेला. कारखान्यातले तयार खोके आणून भिंतीला ठोकायचे याला तो सुतारकी म्हणत नसे. प्रत्येक फळी स्वतः रंधून घ्यायचा. घरातलं स्वयंपाकघर सासूच्या काळातलं होतं. शेगडीच्या उजवीकडे भांड्यांचे खण, कपाटांच्या मुठी उजवीकडे, सिंकही चुकीच्या कोपऱ्यात. सुताराने खिशातून फूटपट्टी काढली आणि लोकांना हल्ली काय आवडतं ते सांगायला सुरुवात केली.

डावरीने त्याला दारात उभं केलं, सुरी घेतली आणि भाजी चिरायला लागली. चिरलेलं कुठे सरकतं, कोपर कुठे आपटतं, झाकण काढताना ती कशी अर्धी गिरकी घेते, सगळं त्याला बघायला लावलं.

"म्हणजे मावशी, आरशात बघून करायचं म्हणा की," तो हसून म्हणाला.

"आरशातलं तुमचं. माझं सरळच आहे."

भिंतीवर पेन्सिलीने खुणा झाल्या. बातमी मुलाच्या कानावर गेली. तो गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायचा, आठवड्यातून एकदा चक्कर मारायचा. त्याने आईला बसवून समजावलं, की उद्या घर विकायची वेळ आली तर असलं उफराटं स्वयंपाकघर बघून गिऱ्हाईक पळून जाईल. शिवाय आता घरात माणसं दोन, कोणासाठी एवढा खटाटोप?

"त्या दोघांतली एक मी आहे," डावरी म्हणाली.

मुलाने मदतीसाठी बापाकडे पाहिलं. बाप जन्मभर बस चालवलेला, वळण दिसलं की आधीच वेग कमी करणारा. त्याने सांगून टाकलं, की आपल्याला फक्त चहा येतो आणि तो आपण कुठल्याही हाताने करू.

जुना ओटा फुटला. शेगडी गॅलरीत गेली, पिठाचे डबे पलंगाखाली. नवरा कपड्यांच्या दोरीखालून वाकून जेवायला बसायचा आणि घरभर उडालेला भुसा घासाबरोबर खायचा. डावरी मात्र खुशीत होती. इतकी, की नवऱ्याला काळजी वाटायची.

मग एका सकाळी कपाटं आली. सुताराने आणि त्याच्या माणसांनी दिवसभर, आत कोणाला येऊ न देता, बसवली. लाकूड असं गुळगुळीत, की हात फिरवत राहावं. डावरीने पहिलं दार उघडायला डावा हात नेला आणि बोटं बिजागरीवर आपटली. दुसरं दार, तेच. खण शेगडीच्या उजवीकडे. तिने सुताराकडे पाहिलं. सुतार घाम पुसण्यात फार वेळ घालवत होता.

खोदून विचारल्यावर बाहेर आलं. मुलाने त्याला फोन केला होता. आई हट्टी आहे, बाबांचंही हेच मत आहे, तुम्ही नेहमीसारखं करा, चार दिवस कुरकुर करेल आणि गप्प बसेल. नवरा तिथेच उभा होता. त्याने नुसती मान हलवली, आपण असं काही म्हटलं नाही म्हणून.

डावरीने मुलाला बोलावून घेतलं. तो आला, ओट्यावर हात टेकून उभा राहिला. झकास झालंय, म्हणाला. मग आईचा चेहरा पाहून आवाज खाली आणला.

"तुला सवय होईल गं, आई."

"सवयच झाली होती रे. सवय करता करता साठी उलटली. आता सवय नको, मला स्वयंपाकघर हवंय."

तो पुढे काही बोलणार तोवर तिने सुताराच्या पेटीतून पेचकस उचलला आणि पहिल्या दाराचा स्क्रू काढायला लागली. स्क्रू आवळायला उजव्या हाताला जोर चांगला मिळतो, पण सैल करायला डाव्याला. चादरी ओढून घडवलेलं मनगट होतं ते. एकामागून एक स्क्रू ओट्यावर पडत गेले, दार सुटलं, तिने ते मुलाच्या हातात दिलं आणि दुसऱ्याला हात घातला. मुलगा दार कवटाळून उभा. शेवटी सुतारच पुढे झाला. म्हणाला, चूक माझीच, भाजी चिरून मला दाखवली होती आणि ऐकलं मी भलत्याचं. लाकडाच्या खर्चाचं काय ते मी आणि तुमचा मुलगा बघून घेऊ.

पुन्हा गॅलरी, पुन्हा भुसा. नवरा वैतागून दिवसभर घराबाहेर फिरत राहिला. डावरीने एकाही दिवशी "चालेल आता" म्हटलं नाही, आणि सुतारानेही नंतर तसं सुचवलं नाही.

सगळं मनासारखं झालं त्या दिवशी तिने साधाच स्वयंपाक केला. हात जाईल तिथे वस्तू होती. कोपर कशालाच लागलं नाही. स्वयंपाक इतका लवकर उरकला, की आता काय करायचं हे न कळून ती ओट्याला टेकून नुसती उभी राहिली.

थोरली नणंद राहायला आली, तेव्हा मदतीला म्हणून उठली. दार उघडेना, खण सापडेना, पातेलं काढताना झाकण पायावर पडलं.

"इथे माझा हातच चालत नाही," ती रागाने म्हणाली.

"बसा, वन्सं. मी वाढते."

डावरीने डाव डाव्या हातात धरला आणि ताट भरलं. नणंदेने त्या हाताकडे पाहिलं, मग ताटाकडे. भूक लागली होती. जेवली, आणि थोडं आणखी मागितलं.

मुलाचं कोपर अजून दर खेपेला कपाटावर आपटतं. तो चोळतो. आता स्वयंपाकघरात खरा घोळ एकच आहे, खिडकीजवळचा कोपऱ्यातला खोल कप्पा. तो करू नका, आत गेलेली वस्तू परत येणार नाही, असं सुतार बजावत होता. डावरीनेच हट्टाने करवून घेतला. परवा ती टॉर्च घेऊन त्यात कमरेपर्यंत शिरली होती, एक चाळणी शोधायला. नवऱ्याने बाहेरून विचारलं, सुताराला बोलवून तेवढा बदलून घ्यायचा का?

"नको," आतून आवाज आला. "मला हवा तसाच आहे."