अकरा नंबरची रजा

नाथाजी हवालदारांचा भुतांवर विश्वास नव्हता. बावीस वर्षं फौजेत काढलेला माणूस दोनच गोष्टींवर विश्वास ठेवतो, एक गिनती आणि दुसरा चहा. त्यातला चहा कधीमधी दगा देतो. गिनतीनं कधी दिला नव्हता, निदान गेल्या सप्टेंबरपर्यंत तरी.

निवृत्तीनंतर ते साताऱ्याबाहेरच्या एका सैनिकी महाविद्यालयात फुटबॉल संघाचं स्टोअर सांभाळत. बूट, जर्सी, मैदानावर फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारणं, पोरांची संध्याकाळची हजेरी, म्हणजे गिनती, आणि रजेचे अर्ज, सगळं त्यांच्याकडं. पोरं त्यांना 'उस्ताद' म्हणत. मैदानामागच्या दोन खोल्यांत ते आणि बायको बनुबाई राहत. दोघंही मेढ्याच्या वरच्या अंगाची, डोंगरातली, त्यामुळे एवढी मोठी जमीन सपाट कशी असू शकते, याचंच त्यांना पहिली दोन वर्षं नवल वाटत होतं.

संघाबद्दल नवल वाटावं असं मात्र काही नव्हतं. मागच्या हंगामात या संघानं सगळं मिळून एकच गोष्ट जिंकली होती, ती म्हणजे कराडच्या सामन्यातली नाणेफेक.

त्यात खेळणारा म्हणावा असा एकच, शिवतेज. तासगावकडचा, डाव्या पायानं मारणारा, अकरा नंबर. ट्रॅकपँटच्या खिशात कायम घरचे बेदाणे. खायचा तो आणि देठं सापडायची नाथाजींना, धुण्याच्या दिवशी.

सप्टेंबरात एका संध्याकाळी तो अर्ज घेऊन स्टोअरवर आला.

"उस्ताद, दोन दिवसांची रजा पायजे."

नाथाजींनी चष्मा चढवला. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'आईला भेटणे.'

"हे कारण हाय व्हय रं?"

"मग काय हाय?"

"ही चैन हाय. कारण म्हंजे कसं, चुलतभावाचं लगीन, द्राक्षाची छाटणी, न्हाईतर कुणाचं तरी आप्रेशन. भेटायचं काय, फोनवर बी भेटतंय माणूस. शनवारी मॅच हाय. तेवढी होऊ दे, मग चांगलं कारण लिवून आण."

"बरं. एखादा चुलतभाऊ तयार करतो," म्हणत पोरगं हसत निघून गेलं.

शनिवारची मॅच संघ नेमानं हरला. सोमवारी शिवतेजला डेंग्यूचा ताप चढला आणि गुरुवारी तो गेला. आई तासगावहून पोचली तेव्हा फार उशीर झाला होता. अर्ज नाथाजींच्या ड्रॉवरमध्ये शिट्टीखाली तसाच राहिला.

"रजा दिली असती तरी ताप आलाच असता," डॉक्टर म्हणाले. बनुबाईही तेच म्हणाल्या. नाथाजी दोघांपुढंही मान हलवत. ताप आलाच असता, हे त्यांना कळत होतं. पण तो आईजवळ आला असता.

दोन दिवसांनी पुन्हा सराव सुरू झाला. संध्याकाळी पोरं ओळीत उभी राहिली आणि नाथाजींनी जर्सीच्या नंबरांनी गिनती घेतली. ती काही वाचून घ्यायची नसते, तोंडालाच पाठ असते. आठ, नऊ, दहा झाले आणि त्याच ओघात तोंडातून गेलं, "अकरा!"

जीभ चावायला उसंत मिळाली नाही. ओळीच्या डाव्या टोकाकडून खणखणीत आवाज आला, "हाजिर!"

आणि नाथाजींनी वहीत खूण केली. हात सवयीचा होता, त्याला काय ठाऊक! नंतर त्यांनी एकेका पोराला विचारलं, ओ कुणी दिली म्हणून. प्रत्येकाला वाटलं होतं, शेजारच्यानं दिली. कप्तान ऋषिराज तर रडवेला झाला. "उस्ताद, डाव्या टोकाला मीच होतो. माझ्या पलीकडून आला आवाज."

दुसऱ्या दिवशी सकाळी नाथाजींनी स्टोअर उघडलं. खुंटीवर शिवतेजचे बूट होते, त्यांनी स्वतः पुसून ठेवलेले. उजवा तसाच लखलखीत होता. डाव्याला ओली तांबडी माती लागली होती.

नाथाजी घाबरले का? घाबरले. पण फौजी माणूस घाबरला की पळत नाही, पॉलिश करायला बसतो. बर्फातल्या एका चौकीवर त्यांनी एक रीत पाहिली होती. तिथं मरण पावलेल्या एका जवानाचे बूट रोज चमकवत, त्याचा बिछाना घालत, गिनतीत त्याचं नाव घेत. त्याचं नाव ऐकून कुणी हसत नसे. नाथाजींनी ती रीत मुकाट्यानं इथं सुरू केली. रोज बूट, रोज गिनती, आणि मॅचच्या दिवशी बाकाच्या डाव्या कडेला घडी घातलेली अकरा नंबरची जर्सी.

आणि संघ जिंकायला लागला.

पहिली मॅच जिंकली तेव्हा सगळ्यांना वाटलं, समोरचे आजारी असतील. मग कराड, फलटण, वाई. संघाचे प्रशिक्षक मुकुल सर मूळचे वाईचे, लॅपटॉपवर सगळा हिशेब मांडणारे. डिसेंबरात ते लॅपटॉप घेऊन स्टोअरवर आले.

"नाथाजी, आपले सत्तर टक्के गोल डाव्या बाजूनं होतायत."

"बरं हाय की मग."

"बरं काय? शिवतेज गेल्यापासून डाव्या बाजूला आपला माणूसच नाहीये! तिथं खेळायला कुणी तयार होत नाही. पोरं चेंडू मोकळ्या जागेत ढकलतात आणि तो बरोबर वळून गोलपुढं येतो."

"वारा आसंल," नाथाजी म्हणाले.

"प्रत्येक मैदानावर? आपल्याच बाजूचा?"

वाईच्या संघानं तर रीतसर तक्रार केली होती की सातारकर बारा जण खेळवतात. पंचांनी दोनदा मोजलं. अकराच भरले. तिसऱ्यांदा मोजायला मात्र पंच तयार होईनात.

नाथाजींना आनंद व्हायला हवा होता. पण त्यांची भूक गेली. कारण "हाजिर" हा आवाज दर आठवड्याला थकत चालला होता. फेब्रुवारीत तर तो असा यायचा, की दिवसभर पळवलेल्या पोराला आणखी एक फेरी मार म्हणावं आणि त्यानं ओ द्यावी.

"आवं, त्याला इश्रांती द्या की जरा," एकदा बनुबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या. नाथाजी चमकले. त्यांनी बायकोला त्या आवाजाचं कधी काही सांगितलं नव्हतं.

"कुणाला?"

"सोताला म्हनलं मी," त्या म्हणाल्या आणि तव्याकडं बघत राहिल्या.

अंतिम सामना सांगलीला होता. संघ आदल्या दिवशीच तिथं मुक्कामी पोचला. पोरांना जेवायला बसवून नाथाजी हात धुवत होते, तेवढ्यात फोन वाजला. शिवतेजची आई होती, मंगल.

"हवालदार, तुमी सांगलीत आलाय म्हनं. एक इचारू का? हसू नका."

"इचारा, ताई."

"पोरगं सपनात येतंय. रोज येतंय. पर दारापातूर येऊन थांबतंय बगा. मी म्हनते, ये की रं आत. तर म्हनतंय, रजा न्हाई."

नाथाजींच्या हातातून पाण्याचा तांब्या निसटला. अर्जाची गोष्ट त्या बाईला कुणी सांगितली नव्हती. सांगणार तरी कोण? ती नाथाजी, बनुबाई आणि डॉक्टर यांच्या पलीकडं गेलीच नव्हती.

तांब्याच्या त्या आवाजासरशी त्यांना बर्फातल्या रीतीचा उरलेला अर्धा भाग आठवला. त्या जवानाला वर्षातून एकदा रजा देत. दोन सोबती त्याची पेटी घेऊन, त्याचं तिकीट काढून, त्याला घरी पोचवून येत. नाथाजींनी हजेरी लावली होती, बूट चमकवले होते, पाच महिने पोराला पळवलं होतं. रजा तेवढी द्यायची विसरले होते. आणि वहीत हजर असलेला माणूस रजेच्या चिठ्ठीशिवाय फाटकाबाहेर पडत नाही. हे त्याला त्यांनीच शिकवलं होतं.

सकाळी ते मुकुल सरांपुढं उभे राहिले. "सर, अकरा नंबरला रजा द्यायची हाय. आजच."

मुकुल सर हसले नाहीत. लॅपटॉपवाला माणूस, पण पाच महिन्यांत त्यांनी एकदाही डाव्या कडेच्या जर्सीवर बूड टेकवलं नव्हतं.

"आज नको, नाथाजी," ते हळूच म्हणाले. "आजच्या शनिवारची ही एक मॅच. तेवढी होऊ दे, मग द्या."

नाथाजींनी सप्टेंबरातलं आपलंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं. शिट्टीबरोबर साताऱ्याहून खिशात आलेला शिवतेजचा अर्ज त्यांनी काढला, चष्मा लावला आणि कारणाच्या रकान्याशेजारी लिहिलं, 'कारण योग्य. मंजूर.' खाली सही ठोकली. सरांना कडक सॅल्यूट केला आणि बूट, जर्सी पिशवीत घालून स्टँडकडं चालू लागले. संघाचा चषक घालवल्याचं पाप आपल्या माथी येणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

तासगावच्या गाडीत त्यांनी दोन तिकिटं मागितली.

"दुसरं कोण?" कंडक्टरनं विचारलं.

"खिडकीला."

कंडक्टरनं सीटवरची पिशवी पाहिली. "मामा, सामानाला तिकीट लागत न्हाई."

"सामान न्हवं त्ये. जवान हाय. रजेवर चाललाय."

कंडक्टर तासगावचाच असावा. त्यानं मुकाट्यानं दोन तिकिटं फाडली. पुढं कवलापूरला गाडी गच्च भरली, तर त्या सीटकडं आलेल्या म्हातारीला त्यानं स्वतःच सांगितलं, "आजी, तिथं माणूस हाय. तुमी माज्या जाग्यावर बसा."

मंगल घरालगतच्या बेदाण्याच्या शेडवर होती. जाळ्यांवर द्राक्षं वाळत होती. नाथाजींनी पिशवी तिच्या हातात दिली आणि अर्जही दिला, सगळं सांगून. सांगताना ते सावधानमध्ये उभे होते. शिक्षा ऐकायला तसंच उभं राहतात.

तिनं अर्ज वाचला. 'आईला भेटणे' यावरून बोट फिरवलं. मग तिनं पिशवीतून बूट काढले. सांगलीत सकाळी पुसलेला डावा बूट मातीनं भरला होता.

"किती येळा सांगितलं तुला," ती बुटाकडं बघत म्हणाली, "बूट भाईर काढून येत जा म्हून." आणि तिनं ते घराच्या उंबऱ्याबाहेर, दाराच्या कडेला, जोडीनं नीट लावून ठेवले.

चारच्या पुढं मुकुल सरांचा फोन आला. "जिंकलो, नाथाजी! दोन-एक! दोन्ही गोल ऋषिराजचे, उजव्या बाजूनं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "डाव्या बाजूला चेंडू दिला की सरळ बाहेर जात होता."

निघताना मंगलनं विचारलं, "दोनच दिवसांची हाय का रजा?"

"वाढवून घेता येती," नाथाजी म्हणाले. "आमी तार करायचो."

"तार तर बंद झाली की."

"मग तोंडी मागा. मी हाय न्हवं."

"मग वाढवून द्या, हवालदार. लय दमलंय त्ये."

सोमवारी साताऱ्यात चषक मधोमध ठेवून गिनती झाली. दहा झाले. "अकरा!" नाथाजींनी पुकारलं आणि न राहवून कान डाव्या टोकाला लावला. पोरं श्वास धरून उभी होती. ओ आली नाही.

"रजेवर," नाथाजींनी स्वतःच ओ दिली, आणि तसं वहीत लिहिलं.

दुसऱ्या दिवशी धुणं होतं. बादलीत घालण्याआधी त्यांनी सवयीनं ट्रॅकपँटचे खिसे चाचपले. एका पँटचे झाले, दुसऱ्या पँटचे झाले, सगळ्यांचे झाले. शिवतेज गेल्यावरही पाच महिने कुठल्या ना कुठल्या खिशात निघत आलेलं बेदाण्याचं देठ आज कुठंच नव्हतं. नाथाजींनी बादलीतल्या पँटी बाहेर काढल्या आणि पुन्हा एकदा पहिल्यापासून बघायला सुरुवात केली.