सगळ्या म्हणजे सगळ्या

आमच्या कॉलेजचा रेडिओ आम्ही विद्यार्थीच चालवायचो, लायब्ररीमागच्या एका खोलीतून. भिंतींना होस्टेलच्या जुन्या गाद्या ठोकलेल्या होत्या, तरी बाहेर ऑटोचा हॉर्न वाजला की तो बिनदिक्कत श्रोत्यांच्या घरी पोचायचा. पल्ला बेताचाच. टावर चौक ओलांडला की खरखर सुरू. बाकी सगळं हिंदीत, फक्त गुरुवारी संध्याकाळी अर्धा तास मराठीचा असायचा आणि तो माझ्याकडे होता. "तुझी आई सोडून कोण ऐकतं गं?" असं मित्रमैत्रिणी चिडवायचे. मी वैतागायचे, कारण मलाही तीच शंका होती.

खरं तर आणखी एक श्रोती होती. आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या काकू. शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, आईची जिवाभावाची मैत्रीण. शुक्रवारी सकाळी मला जिन्यात अडवून हजेरी घ्यायच्या, "काल फार घाईत बोललीस. मधे सांस तर घेत जा!" काका गेल्यापासून मात्र एक गोष्ट दोघींच्या मधे अडून बसली होती. संक्रांतीनंतर आमच्याकडे हळदीकुंकू असायचं. विधवेला कुंकू लावत नाहीत, म्हणून आई त्यांना बोलवायची नाही, आणि त्याही विचारायच्या नाहीत. त्या दिवशी सकाळीच देवास गेटच्या बसस्टँडवरून बस धरून इंदूरला भावाकडे निघून जायच्या. दुसऱ्या दिवशी दोघी पुन्हा चहाला एकत्र, जसं काही झालंच नाही. मला भयंकर राग यायचा, पण घरात तो विषय काढायची हिंमत नव्हती.

एका वर्षी आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. हळदीकुंकवाचं बोलावणं घरोघरी जाऊन करायचं असतं. फोनवर उरकलं तर बायका नाक मुरडतात. "या साली राहूच दे. बुलावा दिल्याशिवाय कोण येणार?" आई म्हणाली आणि तिचा चेहरा एवढासा झाला. मीच म्हटलं, रेडिओवरून सांगते.

सूचना लिहून मी स्टेशन सांभाळणाऱ्या सीनियर दीदीला दाखवली. 'सुवासिनींनी यावं' म्हणजे कुणी, तिनं विचारलं. ज्यांचे नवरे हयात आहेत त्यांनी, मी सांगितलं. तिनं कागद परत दिला. "अपने यहाँ सूचना पढ़ी जाएगी तो सबके लिए. कुछ को ही बुलाना है तो घर जाकर बुलाओ." रेडिओ सगळ्या वस्तीचा, हा तिचा हेका आम्हाला एरवी जाचायचा. त्या संध्याकाळी मी मनातल्या मनात तिच्या पाया पडले. तिचे ते उपकार मी आजही विसरलेली नाही. माईकसमोर बसले आणि म्हटलं, "रविवारी आमच्याकडे हळदीकुंकू आहे. सगळ्या बायकांनी यावं. सगळ्या म्हणजे सगळ्या."

घरी आले तर आई रेडिओसमोरच बसलेली. "मला विचारून तरी बोलायचं होतंस," एवढंच म्हणाली. वर काकूंनी ऐकलं असणार, हे दोघींनाही ठाऊक होतं.

रविवारी बायका आल्या. ओळखीच्या, बिनओळखीच्या, मराठीचा एक शब्द न कळणाऱ्या शेजारणीसुद्धा. माझा कार्यक्रम इतकी माणसं ऐकतात हे मला त्या दिवशी कळलं आणि मी हरखून गेले. आई खुर्चीत बसूनच हळदकुंकू लावत होती. माझं लक्ष मात्र दाराकडे. काकू इंदूरला गेल्या की काय, या धास्तीनं मला काही सुचत नव्हतं.

दिवेलागणीला त्या आल्या. हातात तिळाच्या वड्यांचा डबा. उंबऱ्याबाहेरच थांबल्या.

"रेडिओवर ऐकलं म्हणून आले," त्या आईला म्हणाल्या. "पोरीनं गलतीनं म्हटलं असेल तर परत जाते. खरंच, मला काही वाईट नाही वाटणार."

आईनं माझा हात धरला, कळ सोसत उठली आणि कोयरी घेऊन दारापर्यंत चालत गेली. तिनं काकूंच्या कपाळाला हळद लावली, कुंकू लावलं.

"बुलावा मीच द्यायला पाहिजे होता," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

काकूंनी तिच्या हातातून कोयरी घेतली. "मी लावू तुला?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

आईनं कपाळ पुढे केलं.