अण्णा बोलायलेत

आमच्या घरी नवा फोन बसला त्याच संध्याकाळी मी तीन वेळा फोनवर एका माणसाला फैलावर घेतलं, आणि तिन्ही वेळा तो माणूस एकच होता.

फोन इंटरनेटवर चालणारा. भिंतीवर एक पांढरी डबी आणि टेबलावर चार्जिंगच्या स्टँडमध्ये उभा केलेला कॉर्डलेस. बसवून देणारा सांगून गेला होता, "साहेब, आवाज एचडी आहे. समोरचा तुमच्या सोफ्यावर बसून बोलतोय असं वाटेल." मी मंदाला म्हटलं, एकमेकांचं नीट ऐकू येत नाही म्हणून तर आपला संसार इतकी वर्षं टिकला, आता ही सोय कशाला? तेवढ्यात फोन वाजला. उचलला, तर पलीकडून नुसता श्वास. मोठमोठ्यानं ओढलेला आणि सोडलेला. मी "हॅलो, हॅलो" केलं तसा तो आणखी वाढला आणि मध्ये काहीतरी खरखरलं. मी कट केला. पुन्हा वाजला, पुन्हा तेच. "घरात आयाबहिणी नाहीत का?" मी विचारलं. तिसऱ्या वेळी थेट पोलिसांचं नाव घेतलं आणि कट केला. काहीतरी मर्दुमकी गाजवल्यासारखं वाटलं.

चौथ्यांदा मंदानं उचलला. ती प्राथमिक शाळेत शिकवते. सगळा वर्ग एकदम बोलत असताना कोणाची पेन्सिल कोणी घेतली हे तिला कळतं. तिनं डोळे मिटून ऐकलं, एका हातानं मला गप्प केलं आणि म्हणाली, "हां अण्णा... हो, आजच बसला... छे छे, ते होय? ते टीव्हीवर काहीतरी लागलं होतं... पाठवते की लगेच."

फोन ठेवून ती माझ्याकडे वळली. "नागनाथअण्णा होते. नवा फोन लागला म्हणून पहिला आपल्याला केला. वैनींनी शेंगाची चटणी कुटलीय, डबा घेऊन पाठव म्हणाले. तुम्हीच जा."

नागनाथअण्णा आमच्या मागच्या गल्लीत राहतात. त्यांना न ओळखणाऱ्यांना त्यांचा आवाज कसा होता हे सांगणं अवघड आहे. मूळचे मंगळवेढ्याकडचे. ऐन जवानीत सोलापूरच्या मार्केट यार्डात आले आणि बसवराजआप्पांच्या कांद्याच्या दुकानात लिलाव पुकारायला लागले. ढिगावर उभं राहून त्यांनी "एक वार!" म्हटलं की पलीकडच्या ओळीतले हमाल मान वर करायचे. "दोन वार!" म्हणताना आवाज थोडा खाली, घेणाऱ्याच्या कानात बोलल्यासारखा. आणि "तीन वार!" म्हटलं की सौदा संपला, माल गेला. ही सवय घरीही सुटली नव्हती. लग्नाच्या पंगतीत शेवटची जिलेबी ताटात उचलून ते तिचा लिलाव करायचे. आमच्या खिडकीची काच फोडलेला पोरांचा चेंडू त्यांनी अर्ध्या गल्लीसमोर पुकारला होता आणि पोरांनी तो दहा बैठकांना सोडवून नेला होता.

पण अण्णांची खरी किंमत संध्याकाळी कळायची. यार्ड बंद झालं की दुकानाच्या फोनवर शेतकऱ्यांचे फोन सुरू. मंगळवेढ्याहून, बार्शीकडून. प्रश्न एकच, "अण्णा, उद्या माल आनू का?" बाकीच्या दुकानांतून उत्तर ठरलेलं: आणा की, वाट बघतोय. अण्णा मात्र निम्म्या वेळा म्हणायचे, "उद्या आनू नको. गर्दी हाय. परवा आन." आप्पा वैतागायचे. "अण्णा, तुम्ही दुकान चालवता का बंद पाडता?" अण्णा म्हणायचे, "आप्पा, आज नको म्हनलं तर परवा त्यो हितंच येतोय. आज बोलावून फसला तर पुन्हा कुटंच येत न्हाय."

मग घसा बसला. महिना झाला तरी सुटेना. हळद झाली, मध झाला, शेवटी मोठ्या दवाखान्यात दुखण्याचं नाव कळलं आणि डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. मानेच्या पुढं एक भोक राहिलं. श्वास तिथूनच. आत एक छोटी झडप बसवली. भोकावर अंगठा दाबून हवा वर ढकलली की घोगरा, फाटका, पण शब्द असलेला आवाज निघायचा. अंगठा काढला की श्वास. भोकावर वैनींनी शिवलेलं पांढरं फडकं असायचं. डॉक्टरांनी बजावलं होतं, मार्केट यार्डाकडं फिरकायचंसुद्धा नाही. हंगामात तिथली हवा म्हणजे अर्धी धूळ आणि अर्धी कांद्याची टरफलं. ती सरळ छातीत जाणार.

आप्पा भेटायला आले, मोसंब्यांची पिशवी घेऊन. आपल्या कानडीत म्हणाले, "साकु, अण्णा, आता पुरे. पगार घरी येईल. मन रमवायला देवळात बसा. फोन माझा पुतण्या बघेल." आप्पा मनानं चांगले, खरंच सांगत होते. अण्णांनी मोसंबी बाजूला ठेवली आणि गळ्यावर अंगठा दाबला. "पगार... नको. फोन... द्या. हितं. घरी."

"पण अण्णा, फोनवर तुमचं कळतं का कुणाला?"

तिथंच घोडं अडलं होतं. समोर बसलं की अण्णांचं बोलणं चार दिवसांत कळायला लागायचं. ओठ दिसायचे, डोळे दिसायचे. फोनवर मात्र काहीच पोचत नव्हतं. मोबाईल तर फारच हुशार. आजूबाजूचा गोंगाट तो गाळून टाकतो, आणि अण्णांचा नवा आवाज त्याला गोंगाटच वाटायचा. अण्णा म्हणायचे, "मोबाईल मला कचरा समजतंय." शेवटी अण्णा आप्पांना म्हणाले, कांद्याचा हंगाम सुरू होईपर्यंत थांबा. तोवर एका शेतकऱ्याला जरी फोनवर माझं कळलं तर फोन माझा. नाही कळलं तर मी देवळात बसतो. आप्पांनी मान डोलावली. पुतण्यानं दुकानाच्या फोनवर नवीन गाणं लावूनही टाकलं.

त्यानंतरच्या आठवड्यात आमच्या भागात नवं इंटरनेट आलं. बसवणाऱ्यानं एचडीचं कौतुक सांगितलं तेव्हा मी झोपेत असल्यासारखा ऐकत होतो. अण्णांनी मात्र त्याला चहा पाजून, खाणाखुणा करून सगळं विचारून घेतलं होतं. जुना फोन आवाजाची वरची आणि खालची टोकं कापतो, मधलाच तुकडा पाठवतो. हा जवळजवळ अख्खा पाठवतो. मात्र समोरचाही फोन नवा हवा, हल्लीचा मोबाईल असला तरी चालेल. हे ऐकून अण्णांनी त्याच दिवशी जोडणी घेतली आणि पहिला फोन केला तो माझ्यासारख्या शहाण्याला.

मी रिकामा डबा घेऊन त्यांच्या दारात उभा राहिलो तेव्हा मान वर होत नव्हती. अण्णा हसत होते. त्यांच्या हसण्याला आता आवाज नव्हता, नुसते खांदे हलायचे. त्यांनी मला समोर बसवलं. अंगठा दाबला.

"सुदाकर. तूच पायजे."

"अण्णा, माफ करा, मला वाटलं..."

"ऐक. बाईला कळतंय. तिला मुक्याचंबी कळंल. गल्लीत तुझ्याएवढा... जड कानाचा मानूस न्हाय. तुला कळलं... की समद्या जिल्ह्याला कळंल."

वैनी आतून म्हणाल्या, "अवो, गप बसा की जरा. डाक्टरनी आराम सांगितलाय."

"आराम... मेल्यावर."

दुसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी सातला आमचा फोन वाजू लागला. नियम अण्णांचे. ते एक वाक्य बोलणार, मी ते परत म्हणायचं. चुकलो की पलीकडून "एक वार." पुन्हा चुकलो की "दोन वार." आणि तिसऱ्यांदा "तीन वार" म्हणून ते फोन कट करायचे. मी तीनदा कट केला होता त्याची परतफेड त्यांनी दोन महिने केली. मंदा शेजारी वह्या तपासत बसायची. लांबूनच तिला वाक्य कळलेलं असायचं, पण सांगायची मनाई होती. ती नुसती लाल पेन गालाला लावून माझ्याकडे बघायची.

माझ्या जडपणाचा एक उपयोग झाला, हे मान्य करायला हवं. अण्णा फोन तोंडाजवळ म्हणजे गळ्याजवळच धरत होते, त्यामुळे श्वासच जास्त पोचत होता. माझ्या तक्रारींवरून त्यांनी तो लांब लांब नेत पाहिला. शेवटी फोन पितळी डब्याला टेकवून उभा करायचा, स्पीकर चालू करायचा आणि हातभर लांब बसून बोलायचं, हे ठरलं. एक हात गळ्याला, दुसरा मोकळा. मग हळूहळू श आणि स वेगळे ऐकू यायला लागले. ते सावकाश बोलायला शिकले आणि मी गप्प राहायला. मंदाच्या मते त्यांचा अभ्यास सोपा होता.

मध्ये एकदा वाटलं, संपलं. अण्णांनी उत्साहाच्या भरात आप्पांना दुकानात फोन लावला. आप्पांनी पाच-सहा वेळा "काय? काय?" केलं आणि शेवटी हळूच म्हणाले, "राहू द्या अण्णा. त्रास होतोय तुम्हाला." फोन ठेवल्यावर मला वाटलं आता अण्णा खचणार. मी धीर देण्यासाठी दोन वाक्यं मनात जुळवत होतो. अण्णांनी अंगठा दाबला. "आप्पाचा फोन... जुना हाय. त्याला नवा घ्याय लावतो." आणि लावला. आठवडाभर रोज सकाळी वैनींकरवी निरोप पाठवून त्या माणसाला भंडावलं. नवा फोन आल्यावर आप्पांना पहिलं वाक्य ऐकू गेलं ते असं, "आता... कळलं का?" आप्पांनी ते वाक्य पुन्हा एकदा म्हणायला लावलं. मग म्हणाले, "मला कळून काय उपयोग अण्णा. शेतकऱ्याला कळू द्या." पण त्या संध्याकाळी दुकानाचे फोन अण्णांच्या घरी वळवायचं त्यांनी कबूल केलं. एकच संध्याकाळ. बघू.

मी हजर होतो. अडलं तर दुभाषी म्हणून. या फोनबरोबर दोन कॉर्डलेस मिळतात, त्यातला दुसरा माझ्या हातात. कॉलेजच्या ऑफिसात नोटिसा काढून काढून माझं बोलणं फार स्वच्छ झालंय, असा माझा समज होता. दुसऱ्या दिवशी कुठून किती माल येणार हे अण्णांनी आप्पांना आधीच विचारून ठेवलं होतं. वैनी दाराशी उभ्या. हातात ताट होतं, पण त्यात काही नव्हतं. फोन वाजला.

"हॅलो, आप्पांचं दुकान का?"

"व्हय. नागनाथ... बोलतोय."

"कोन?"

"नागनाथ."

"ओ, चेष्टा करू नका राव. नागनाथअण्णा दिवाळीआदीच गेले म्हनत्यात की. आमच्या घरात त्या दिशी कुनी जेवलं न्हाय."

यार्डात चार महिने दिसले नव्हते ना, लोकांनी उरकूनच टाकलं होतं. अण्णांनी अंगठा गळ्यावर पुन्हा नीट बसवायला घेतला. मी तत्परतेनं बटण दाबलं. "नमस्कार. मी सुधाकर, अण्णांचा शेजारी. अण्णा हयात आहेत. त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाल्याकारणाने..."

"आता ह्यो कोन?" पलीकडचा आणखी बिथरला. "काय चाललंय काय तितं? ठेवतो मी."

अण्णांनी मोकळा हात माझ्याकडं उगारला. मग फोनकडं वळून, सावकाश, "थांब. किती... गोन्या?"

"सत्तर. का?"

"उद्या... आनू नको."

"आँ?"

"बार्शीकडनं... लई माल येतोय उद्या. भाव पडंल. परवा आन."

त्याला कळलं नसणार असं मला वाटलं. "अण्णांचं म्हणणं असं आहे," मी सुरुवात केली, "की उद्या आवक जास्त..."

"ओ सायेब, तुमी गप बसा की! अण्णा बोलायलेत."

मी गप्प बसलो. वैनींनी ताट खाली ठेवलं.

"अख्ख्या मार्केटात आनू नको म्हननारा एकच मानूस हाय," तो म्हणत होता. "अण्णा, तुमीच की ओ! आवाजाला काय झालं?"

"गेला."

"मग ह्ये काय बोलायलाय?"

"नवा... घेतलाय."

तो हसला की रडला ते एचडी असूनही मला सांगता येणार नाही. "परवा पहाटं टेंपो सोडतो," म्हणाला आणि फोन ठेवला. अण्णांनी माझ्याकडं बघून एक बोट वर केलं. "एक वार." तेवढ्यात पुन्हा फोन. मी म्हटलं, "दोन वार." त्यावर त्यांनी फोन उचलायच्या आधी मला दटावलं, "पुढं म्हनू नको. तीन म्हनलं की... माल गेला. आपला पुकारा चालू हाय."

बातमी त्या रात्रीत तालुकाभर झाली असावी. कांद्यासाठी कमी आणि अण्णा खरंच जिवंत आहेत का हे ऐकण्यासाठी जास्त, असे फोन येत राहिले. आप्पांनी दुसऱ्या दिवशी काही विचारलं नाही. दुकानाचा फोन कायमचा मागच्या गल्लीत वळवला आणि पुतण्याला वजनकाट्यावर बसवलं.

माझी नोकरी मात्र गेली. सातला आता आमचा फोन वाजत नाही. अण्णांना सरावाची गरज नाही, आणि त्या वेळी त्यांना वेळही नसतो. काल संध्याकाळी मला चैन पडेना. मीच लावला. एंगेज. जरा थांबून पुन्हा लावला. एंगेज. तिसऱ्यांदाही तेच. फोन हातात धरून बसलो होतो, तेवढ्यात मंदा स्वयंपाकघरातून म्हणाली,

"एंगेजच लागतोय ना? मग बरं चाललंय त्यांचं. ठेवा तो फोन आणि या जेवायला, भाकरी गार होतेय."