चिनी नाद

"बशीला विचारलं की बशी खरं सांगते, माणसाला विचारलं की माणूस चहा मागवतो," असं मामा मी कामावर लागले त्या दिवशी म्हणाला होता.

चिनी मातीच्या कपबशांच्या कारखान्यात तो तपासनीस होता. भट्टीतून निघालेला माल गार झाला की त्याच्या टेबलावर यायचा. तीन बोटांच्या टोकांवर बशी तोलायची, बोटभर लाकडी काडी तिच्या कडेवर मारायची आणि ऐकायचं. डोळ्याला न दिसणारी चीर असली तर बशी ठस्स वाजते. नसली तर आवाज लांब जातो, बारीक होत होत जातो. या आवाजाला मामा 'चिनी नाद' म्हणायचा. त्याच्याकडे याहून मोठी शाबासकी नव्हती. त्याची मुलगी जन्माला येऊन पहिल्यांदा रडली तेव्हा तो दवाखान्याच्या बाकावरून उठून म्हणाला होता, "चिनी आहे." मामी अजून त्यावरून त्याला बोलते. कारखान्यात त्याला वैद्य म्हणत, बशांची नाडी बघतो म्हणून.

'चायना' हा शब्द वेगळा. तो बाजारातून आमच्यात आला. छत्री उलटली, चायना. घड्याळ मागे पडलं, चायना. मुलीनं संध्याकाळी बाहेरून चायनीज मागवलं की मामा डब्याचं झाकण उघडून वास घ्यायचा आणि विचारायचा, "हे चायनीज तरी चायना नाही ना?" बशांवर फुलं चिकटवणाऱ्या आम्हा बायकांत तर एकीचा जावईही चायना होता. दिसायला झकपक, गॅरंटी नाही. चिनी मातीवर आमची पोटं भरत होती आणि चायना म्हणून आम्हीच नाकं मुरडत होतो.

मग त्या वर्षी मामाच्या टेबलाखालच्या बाद मालाच्या टोपल्या भरायला लागल्या. पूर्वी शंभरात चार-पाच बशा जायच्या. आता तीस, मग चाळीस. भट्टीवाल्यानं आच तपासली, मातीवाल्यानं माती. दोघं एकमेकांकडे बघेनासे झाले.

"दोष भट्टीचा नाही," मामा मला जेवणाच्या सुट्टीत म्हणाला. आधी मागे वळून बघून घेतलं. "मालक बाहेरून कोरा माल आणतात. आपल्यात मिसळतात. वर आपली फुलं, खाली आपला शिक्का. सगळा चायना आहे."

"तू पाहिलास?"

"ऐकला."

ही कुजबुज आठवड्याभरात सगळीकडे गेली. मागच्या खोलीला कुलूप असायचं. ते पूर्वीही होतं, पण आता दिसायला लागलं. महिन्यातून एकदा ताडपत्री टाकलेला टेम्पो यायचा, त्याचा नंबर कुणीतरी लिहून ठेवला. मालक फोनवर बोलता बोलता दार लोटून घेत, तेही लोकांच्या डोळ्यांवर आलं.

त्या टेम्पोतून काय येतं ते मला ठाऊक होतं. आमची फुलं यायची. ती कागदावर छापलेली असत. पाण्यात भिजवली की कागदावरून सुटत, मग ती बशीवर अलगद सरकवायची. ती चीनहून येत. कागदाच्या कडेला बारीक उभी अक्षरं असत, आणि फूल सुटलं की अक्षरांसकट कागद मोरीत जाई. मामाला हे सांगितलं असतं तर त्याला हवा तसा पुरावा मिळाला असता. म्हणून सांगितलं नाही, आणि न सांगितल्यामुळे मलाच चोरट्यासारखं वाटे.

मालकांना दुसराच संशय होता: मामा चांगला माल मुद्दाम बाद करतोय. त्यांनी मला आत बोलावलं.

"वैद्यांकडे हल्ली कोण येतं-जातं? पलीकडच्या कारखान्यातलं कुणी?"

"तो माझा मामा आहे, साहेब."

"म्हणून तर तुला विचारतोय."

कुणी येत नाही, मी म्हणाले. पण घरी जाताना माझ्याच मनात आलं, येत असेल का? आपल्यालाही तो सगळं थोडंच सांगतो?

रविवारी मुद्दाम त्याच्या घरी गेले. बेल दाबली. आत पाखराच्या चिवचिवाटासारखी ती वाजली. पुन्हा दाबली, पुन्हा वाजली. खिडकीतून मामा दिसत होता. बेलच्या पेटीखाली खुर्ची टाकून पेपर वाचत होता. त्यानं मानही वर केली नाही. शेवटी मामी हात पुसत आली आणि तिनं दार उघडलं.

"कधीची उभी आहेस? बेल नाही का वाजवायची?" मामा म्हणाला.

"वाजवली की."

"मग वाजली नसेल. दोनदा बदलली. तीही चायना निघाली."

स्वयंपाकघरात मामी हळूच म्हणाली, "तिन्ही बेला वाजत होत्या गं. माझं बोलणं कळतं त्याला. बारीक आवाज तेवढा गेलाय. कान दाखवू या म्हटलं, तर मला म्हणतो, मालकानं तुला काय देऊन फितवलं?"

मी कुणाला बोलले नाही. सांगावं तर मामाची नोकरी जाणार, न सांगावं तर पैसे खाणारा म्हणून नाव जाणार. दोन दिवस यात गेले. तिसऱ्या दिवशी मालकांनी घरच्या कपाटातून बारा बशा आणल्या. सगळ्या आमच्याच, कारखान्याच्या पहिल्या वर्षातल्या. खालच्या शिक्क्यांवर कागद चिकटवायचं काम त्यांनी मला दिलं. मी चिकटवले.

दुपारी सगळे टेबलाभोवती जमले.

"वैद्य, यातला आपला माल वेगळा काढा," मालक म्हणाले. "बरोबर निघालात तर मागची खोली सगळ्यांसमोर उघडतो. चुकलात तर मात्र कुणाचं खाता ते सांगावं लागेल."

"उघडावीच लागेल," मामा म्हणाला.

पहिली बशी त्यानं बोटांवर घेतली, काडी मारली. तो नाद खोलीभर फिरून खिडकीपर्यंत गेला.

"चायना."

दुसरी. "चायना." तिसरीला भट्टीवाल्यानं तोंडावर हात ठेवला. मागे कुणीतरी म्हणालं, "वैद्यांनाच औषध द्या." सहाव्या बशीला मामा थांबला. तो आता बशीकडे बघत नव्हता, आमच्याकडे बघत होता. बशी वाजत होती आणि आम्ही सगळे ऐकत होतो. तीस वर्षं ऐकण्याचं काम केलेल्या माणसाला ऐकणारे चेहरे ओळखता येतात.

त्यानं ती बशी माझ्या हातात दिली. काडीही दिली.

"तू मार."

मी मारली. अगदी हलकी मारली, तरी वाजलीच.

"काय?" मामानं विचारलं.

ठस्स म्हणाले असते तर घटकाभर तो स्वतःपुरता खरा ठरला असता, आणि शिक्के उघडताच चोरही.

"चिनी आहे, मामा."

महिनाभर तो त्या कुलपाकडे जसा बघत होता तसा माझ्याकडे बघत राहिला. मग माझ्या हातातून बशी घेतली, उलटी केली आणि मी चिकटवलेला कागद नखानं सोलला. शिक्का वाचला. दुसरी बशी उलटली, तिचाही कागद काढला. तिसरी उलटली नाही.

"वैद्य, अहो, मला काय माहीत..." मालकांनी बोलायला सुरुवात केली. सोललेले कागद चुरगळून मामानं खिशात घातले, खुर्ची टेबलाखाली सरकवली आणि तो दारातून बाहेर गेला.