पेडलवरचा ठोकळा

त्या सायकलीची आठवण निघाली की मला अजूनही आधी हसू येतं आणि मागोमाग शेठचा राग येतो. ऐंशीचं दशक सरत आलं होतं, मी कल्याणला फौजदार होतो. सायकलचोरीची तक्रार आली की ठाणे अंमलदार कपाळाला हात लावायचा, कारण सायकली सापडायच्याच नाहीत.

पण हा तक्रारदार चिवट. जवळच्या मोहने गावातल्या एका कारखान्यात बदली कामगार. पोलिओने उजवा पाय आखूड राहिलेला. पाय पोचावा म्हणून त्याने उजव्या पेडलवर लाकडी ठोकळा बसवला होता, वर जुन्या चपलेचं रबर. सायकल गेल्यापासून काठी टेकत चालत जायचा आणि पाळी चुकायची. "साहेब, आणखी एकदा उशीर झाला तर नाव कापणार म्हणालेत. कायम व्हायला आलो होतो हो." वर आमच्या हवालदाराची फिरकी घ्यायचा, "तुमची गेली असती तर सापडली असती ना?" मला तो माणूस फार आवडला होता.

खबर दिली बाजारातल्या एका कोळणीने. तिची मासळीची पाटी जुन्या सायकलींच्या दुकानासमोरच असायची. "सायब, त्या शेटकडं सायकल जाते तांबडी न् निघते हिरवी. बघा तरी काय जादू हाय!"

मी साध्या कपड्यांत गेलो नाही, वर्दीतच गेलो. माणूस वर्दी बघून काय लपवतो, ते बघायचं असतं. शेठचा धंदा असा, की लोक सायकली आणून ठेवत, गिऱ्हाईक आलं की शेठ विकून देई आणि दलाली घेई. बोलणं तुपात घोळलेलं. "साहेब, मी फक्त जागा देतो. विकणारा वेगळा, घेणारा वेगळा. मी मध्ये कुठं?"

बोलता बोलता त्याने बाकाच्या एका पायापुढे धोतराचा सोगा सोडला. मी सोगा बाजूला केला. बाक डुगडुगू नये म्हणून खाली लाकडी ठोकळा सरकवलेला, वर चपलेचं झिजलेलं रबर!

पंच बोलावून ठोकळा जप्त केला आणि शेठला ठाण्यात आणलं. हात उगारावा लागला नाही.

"सायकल आणणारा लंगडत आला होता?"

"नाही साहेब. चांगला धडधाकट."

"मग असली सायकल त्याची कशी, हे विचारलंत?"

"विचारलं असतं तर खोटंच बोलला असता."

"मग खोटं तरी ऐकायचं होतंत! तेवढंच तर तुमचं काम होतं."

शेठने किल्ली काढून टेबलावर ठेवली. दुकानाच्या मागच्या खोलीतून हिरवी झालेली सायकल निघाली. चोर त्याच्या सांगण्यावरून टिटवाळ्याला सापडला. चोरीचा माल घेतल्याचं कलम मी शेठलाही लावलं. पुष्कळांनी सांगितलं, बिचारा दुकानदार आहे, सोडा. नाही सोडलं.

खरी पंचाईत पुढे होती. सायकल आता मुद्देमाल, कोर्टाचा हुकूम होईपर्यंत ठाण्याबाहेर काढता येईना. तोवर आमचा हवालदार त्या कामगाराला आपल्या सायकलवर मोहन्याला सोडायचा. त्या काळी डबलसीटला दंड होता आणि तो वसूल करायचा हाच हवालदार! मी खिडकीतून बघायचो आणि फायलीत डोकं घालायचो.

परवा नातवाने मोबाईलवर जुनी सायकल दाखवली, निम्म्या किमतीत. विकणारा कोण, म्हटलं तर त्याला ठाऊक नाही. कंपनी म्हणे फक्त जागा देते. अरे वा! नोकरीने मला शिकवलं ते एवढंच, की चोराचं पोट चोरीवर नाही, न विचारणाऱ्यावर भरतं. बाजार दुकानाचा असो की मोबाईलचा, दलाली घ्यायची तर चौकशीही करायची.

तो माणूस पुढे कायम झाला. पेढे घेऊन ठाण्यात आला आणि तिथून हवालदाराला घेऊन थेट शेठच्या दुकानात. शेठ ओशाळला. "माझ्यावर राग नाही ना, भाऊ?"

"नाही शेठ, घ्या पेढा," तो म्हणाला. "पण सायकल आणणाऱ्याला एकदा विचारलं असतंत, तर मला एवढं चालावं लागलं नसतं."

हवालदार सांगत होता, शेठने पेढा घेतला, पण तोंडात काही घातला नाही.