वाणात गेलेला मॉल

सातिवलीचा तो मॉल माझ्यामुळे बंद पडला, असं माझी सासरची मंडळी म्हणतात. हे साफ खोटं आहे. बंद पडायला तो आधी सुरू कुठे झाला होता?

दोन हजार सालानंतर सगळ्यांच्याच डोक्यात मॉल शिरला होता. आमच्या शेठच्या डोक्यात तो जरा जास्तच मोठा शिरला. गोदामं आणि नटबोल्टच्या कारखान्यांच्या मधोमध त्यांनी तीन मजली आउटलेट मॉल उभा केला. आउटलेट म्हणजे बड्या कंपन्यांचा उरलासुरला माल स्वस्तात! जाहिरातीत ‘अंधेरीपासून फक्त तीस मिनिटं’ असं छापलं होतं (कशाने, ते छापलं नव्हतं). दारात संगमरवरी कारंजं होतं. आमच्या सोसायटीत टँकर दोन दिवसांआड यायचा, कारंज्याला रोज!

मी चर्चगेटची वीस वर्षांची नोकरी सोडून या मॉलचा ‘लीजिंग मॅनेजर’ झालो होतो. काम एकच, गाळ्यांना भाडेकरू मिळवणं. वर्षभरात मी दोन आणले. एक एटीएम आणि एक उकडलेले मक्याचे दाणे विकणारा. त्यातला मकेवाला माझा सख्खा मेहुणा होता.

अखेर जानेवारीत स्टीलचे डबे करणारी एक मोठी कंपनी गळाला लागली. शेठने मला केबिनमध्ये बोलावलं.

“ही पार्टी आली, तर तिच्यामागून बाकीचे येतील. गेली, तर तुम्हीपण जा.”

“कुठे?”

“घरी!”

कंपनीच्या देसाईसाहेबांचा फोन आला. “जागा छान आहे हो, पण गिऱ्हाईक कुठाय? शनिवारी येतो. सँपलचे डबे शेल्फवर मांडून बघू आणि गर्दीही बघू.”

गर्दी! त्या मॉलमध्ये दोन वॉचमन आणि मी एकत्र उभे राहिलो, तरी ती गर्दी वाटायची. पण संक्रांत नुकतीच झाली होती आणि रथसप्तमी यायची होती. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. (असा उजेड पडला की सुनंदा, म्हणजे माझी बायको, आधी घाबरते.)

“अगं, यंदा हळदीकुंकू मॉलमध्ये कर! एसी आहे.”

“चालू असतो?”

“शनिवारी असेल.”

“आणि वाण?”

“ते मी आणतो.”

आणलं मी! चहाच्या दोनशे प्लास्टिकच्या गाळण्या. एका गोणीत मावल्या.

शनिवारी पहिल्या मजल्यावरच्या एकाच गाळ्याला कुलूपही होतं आणि दिवाही. त्यामुळे देसाईसाहेबांची डब्यांची खोकी तिथेच ठेवली आणि माझी गाळण्यांची गोणीही तिथेच. मदतीला सासूबाई आल्या होत्या. मी किल्ली त्यांच्या हातात दिली. “आई, वाण आत आहे. बायका आल्या की वाटायला घ्या!” आणि साहेबांना गच्ची दाखवायला धावलो.

“इथे फूड कोर्ट होणार, साहेब.”

“आता काय आहे?”

“वारा.”

तासाभराने खाली उतरलो तर काय! बंद सरकत्या जिन्यावरून थेट कारंज्यापर्यंत बायकांची रांग. तुळिंजहून रिक्षा भरभरून येत होत्या. देसाईसाहेब हरखलेच.

“कमाल आहे! सगळ्या आमच्याच गाळ्यासमोर?”

“तुमचं नावच तसं आहे, साहेब!” मी छाती फुगवून म्हणालो. तेवढ्यात त्यांना प्रत्येकीच्या हातातला चकचकीत डबा दिसला.

“विक्री सुरू केलीत?”

मी काही बोलणार, इतक्यात बाहेर पडणारी एक बाई मागचीला म्हणाली, “सुनेच्या नावाचा वेगळा मिळतोय गं, माग!”

मी गाळ्यात उडी घेतली. सासूबाई पदर खोचून चौथं खोकं फोडत होत्या.

“आई, हे काय?”

“वाण!”

“वाण त्या गोणीत होतं!”

“त्या गाळण्या? मला वाटलं, चहावाल्याच्या असतील. एवढा मोठा मॉल आणि वाटायचं काय, तर गाळणी? माझ्या पोरीच्या सासरची काही अब्रू आहे की नाही?”

रांगेत आमची पाचूबंदरची मासळीवाली रोझीबायही उभी होती. “मला कुंकू नको हां, डबा दे. आनि झाकन घट्ट हाय ना? सुकट ठेवायचीय.”

देसाईसाहेबांचा जबडा खाली आला होता. ती संधी साधून सासूबाईंनी त्यात लाडू कोंबला. “तिळगूळ घ्या, गोड बोला!” माणूस मराठी, त्यामुळे बिचारा अडकला! लाडू गिळून तो एक शब्दही न बोलता निघून गेला.

शेठ मात्र तिळगूळ न खाता बोलले. “सोमवारपर्यंत सगळे डबे परत हवेत. नायतर तुम्ही नको!”

रविवारी स्कूटरला ती गोणी बांधून मी दारोदार फिरलो. डब्याच्या बदल्यात गाळणी देऊ करत होतो, वर ‘दोन घ्या’ म्हणत होतो!

“वाण परत?” पहिल्याच घरातल्या बाईने आत हाक मारली, “आई, बाहेर या, हे वाण परत मागतायत!” आई आल्या, शेजारच्या आल्या, मग वरच्या मजल्यावरच्या आल्या. डब्यात तूरडाळ केव्हाच भरली होती. तुळिंजच्या एका आजींनी मला पाणी दिलं आणि हळूच विचारलं, “घरी सगळं ठीक आहे ना?” माझं ऐकलं ते फक्त रोझीबायने. “घे बाबा, नोकरीचा सवाल हाय,” म्हणत तिने सुकट काढून डबा पुढे केला.

सोमवारी मी एकूण तीन डबे हजर केले, दोन खोक्यात उरलेले आणि एक रोझीबायचा. देसाईसाहेबांनी नेमका तोच उघडला.

आठवड्याने कंपनीचं पत्र आलं. ‘आपल्या परिसरात आमचा माल घरोघर आधीच पोहोचल्याचे दिसते. सबब स्वतंत्र दुकानाची आवश्यकता वाटत नाही.’

शेठने शब्द पाळला. आज हसतो, पण तेव्हा मी खरंच खचलो होतो. चर्चगेटची नोकरी सोडू नका, असं सुनंदा घसा फोडून सांगत होती. आता तिने फक्त उरलेल्या गाळण्यांची गोणी माळ्यावर टाकली, त्याचं जास्त लागलं. मॉलचे गाळे पुढे गोदामांना गेले, तेही मी हलल्यावर, भराभर!

पुढच्या संक्रांतीला सुनंदाला तुळिंजला एका हळदीकुंकवाला स्कूटरवरून सोडायला गेलो. दारातच यजमानीणबाई तिला म्हणाल्या, “या ना वहिनी, या!” मग माझ्याकडे बघून त्यांनी दार अर्धं लोटलं.

“भावजी, तुम्ही बाहेरच थांबा हं. यंदा आम्ही काचेच्या बरण्या देतोय.”