कुलूप घातलेला सांगावा

दादा आणि वहिनी दरवर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे. शिरूर कासारजवळच्या आमच्या गावात तेव्हा म्हातारी माणसंच उरायची, त्यातलीच एक आई. मी बीडला इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत पीएच.डी. करत होते. दादाची टोळी नदीकाठच्या ज्या फडात उतरायची तिथे मोबाईलला रेंज नव्हती. कारखान्यावर मात्र होती. उसाचे ट्रॅक्टर फडातून कारखान्यावर जायचे, रिकामे होऊन परतायचे. माझं संशोधन यातूनच निघालं. निरोप कारखान्यावर ड्रायव्हरच्या मोबाईलमध्ये येऊन थांबायचा आणि तो फडात पोचला की ज्याच्या त्याच्या मोबाईलमध्ये आपोआप उतरायचा. उशीर झाला तरी चालेल, पण निरोप हरवू नये, एवढंच.

ही फुकटची हमाली ड्रायव्हरांना नको होती. बॅटरी उतरायला लागली की ते दुसऱ्यांचे निरोप पुसून मोकळे व्हायचे. मग मी नियम केला, की जो इतरांचे निरोप पोचवेल त्याचे स्वतःचे आधी पुढे जातील. सगळे सुतासारखे सरळ आले. पण त्यातल्या एकाने एका बाईचं सासूबद्दलचं गाऱ्हाणं चहाच्या टपरीवर सगळ्यांना ऐकवलं. ती बाई आठवडाभर फडात मान वर करत नव्हती, असं वहिनीने सांगितलं. माझं डोकं फिरलं. मी प्रत्येक निरोपाला कुलूप घातलं. कुणाचा, कुणाला, कशाबद्दल, यातलं काहीच नेणाऱ्याला कळणार नाही. माझे सर खूश झाले आणि मी हवेत तरंगायला लागले.

त्याच हंगामात आई आजारी पडली. बीडच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, मुलाला बोलावून घ्या. आईने माझ्या मोबाईलवर स्वतःच निरोप बोलून दिला. दोनच वाक्यं, पण ती बोलायला तिला फार वेळ लागला. थोड्याच वेळात तो टोळीच्या ड्रायव्हरकडे पोचल्याची खूण दिसली. एरवी मी कारखान्याच्या गेटवर फोन केला असता आणि रखवालदाराने चारचौघांत ओरडून सांगितलं असतं. आमच्याकडे दुखण्याचा सांगावा कानावर पडलेला माणूस हातातलं काम टाकून उठतो, मग तो कुणाचा का असेना. हे मला लहानपणापासून माहीत होतं. तरी मी फोन केला नाही. तेवढी घमेंड होती मला.

दोन दिवस आई दाराकडे बघत होती. आला का, म्हणून विचारायची. निघालाय, म्हणून मी सांगायचे. तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

तेव्हा कुठे मी गेटवर फोन केला. आमचा ड्रायव्हर गेटच्या आतच सापडला. वजनकाट्याची रांग हलत नव्हती म्हणून तो दोन दिवस तिथेच ट्रॅक्टरवर बसून होता. रखवालदाराचं ऐकून तो ट्रॅक्टर तसाच सोडून कुणाच्या तरी मोटारसायकलवर फडाकडे सुटला. दादा गावी पोचला तोवर चुलतभावाने अग्नी दिला होता. आईचा निरोप दादाने एसटीत ऐकला. पुन्हा कधी ऐकला की नाही, ते मी विचारलेलं नाही.

दहाव्याला तो ड्रायव्हर आला. आमच्याच गावचा, आईला मावशी म्हणणारा. उंबऱ्याशीच बसला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "ताई, दोन दिस मावशीचा सांगावा माझ्या खिशात व्हता, अन् मी गाणी ऐकत बसलतो. मला कळलं असतं तर मी पायी पळत गेलो असतो. कावून कुलूप घातलं तुमी? आमच्यावर इस्वास नव्हता का?"

वाईट वागला होता एकच जण, आणि तो हा नव्हता. मला रडू आवरेना.

"नव्हता," मी म्हणाले.